छपरावरचा पाऊस आणि टाकीचा हिशेब

उत्तर अटलांटिकमधील बर्म्युडा बेटांवर नदी नाही. बेटांचा खडक सच्छिद्र चुनखडीचा असल्यामुळे पावसाचे पाणी वाहण्याआधीच मुरते. म्हणून सतराव्या शतकापासून तेथील लोक ते छपरावरच धरत आले आहेत.

ही छपरे चुनखडीच्या फरशांची, पायऱ्यापायऱ्यांची आणि पांढरीशुभ्र असतात. पायऱ्यांमुळे मुसळधार सरीचा वेग मोडतो, कडेच्या पन्हळी पाणी वळवून घेतात आणि ते घराखालच्या टाकीत उतरते. पूर्वी छपराला चुना लावत, कारण चुन्यामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. आता त्यासाठी खास रंग वापरतात. घर बांधताना अशी टाकी बांधणे तेथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. बर्म्युडात वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर १,४०,००० लिटर पाणी पडते आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी घराला रोज ३०० लिटर मिळतात. चौघांच्या कुटुंबात माणशी हा वाटा ७५ लिटरांचा होतो. आपल्याकडील शहरी पाणीयोजनांत माणशी १३५ लिटर धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील काटकसर का अटळ आहे ते कळते.

तरीही बर्म्युडाला एक मोठी सवलत आहे, ती म्हणजे तेथे पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. कोकणात त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. टाकीचा आकार पावसावर नव्हे, तर दोन पावसांमधल्या कोरड्या काळावर ठरतो, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत फारच कमी वेळा येते, असे मला वाटते. रोजचे ३०० लिटर आठ महिने पुरवायचे तर ७२,००० लिटरांची टाकी हवी. तेच कुटुंब माणशी ५० लिटरांत भागवू लागले, साबण लावताना नळ बंद ठेवू लागले आणि कपडे खळबळलेले पाणी शौचालयासाठी वापरू लागले, तर ४८,००० लिटर पुरतात. बांधकामाचा खर्चही त्या प्रमाणात उतरतो.

अशा घरात गळका नळ परवडत नाही. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला सुमारे २० लिटर जातात आणि आठ महिन्यांत ४,८०० लिटर, म्हणजे त्या टाकीचा नेमका दहावा भाग.