जुना एआर-३ए: आवाज मऊ की दबका?

‘जुन्या स्पीकरचा आवाज असाच मऊ असतो’ असं विकणारा सांगतो, आणि पुष्कळदा त्या मऊपणामागे नुसता मुका ट्विटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असतो, म्हणजे आवाज मऊ नसून दबका असतो. ॲकॉस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीचा १९६७ साली आलेला एआर-३ए स्पीकर जुना घेताना हा घोळ हमखास होतो, कारण चांगल्या स्थितीतला एआर-३एसुद्धा मऊच वाजतो.

बंद बॉक्स, खर्जासाठी १२ इंची वूफर, मधल्या सुरांसाठी दीड इंची घुमटाकार मिड डोम, वरच्या सुरांसाठी पाऊण इंची ट्विटर. ट्विटरचं काम साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर. त्याचा वरचा पट्टा हळूहळू उतरतो, पण छोट्या डोममुळे आवाज बाजूलाही पसरतो. म्हणून खोलीत इकडेतिकडे बसलं तरी तंबोऱ्याची जवारी ऐकू येते. बारीक, पण सुटी. दबक्या स्पीकरमध्ये जवारी नसतेच, उरते फक्त गुंजन. टाळ लाकडावर आपटल्यासारखे लागतात. सगळ्यात खात्रीची खूण गायकाच्या ‘स’मध्ये: मऊ स्पीकर ‘स’ला धार कमी देतो, दबका स्पीकर त्याचा ‘फ’ करतो.

कागदाची नळी करून एक टोक ट्विटरसमोर, दुसरं कानाला लावा. आवाज अगदी हलका ठेवा. काहीच आलं नाही तर प्रश्न मिटला, स्पीकर दबका. आलं, तर ॲम्प्लिफायरचं ट्रेबल बटण थोडं वाढवा. मऊ स्पीकर लगेच उघडतो. दबक्यात मिडच टोचायला लागतं आणि वरचं काही येत नाही. डावा-उजवा सारखा वाजतो, एवढ्यावर विसंबू नका: दोन्ही बॉक्स सारखेच म्हातारे झालेले असतात.

मुख्य दोषी मागचे दोन लेव्हल पॉट, म्हणजे मिड आणि ट्विटरचा आवाज कमी-जास्त करणारी फिरती बटणं. आतल्या तारेवर आणि फिरत्या संपर्कावर ऑक्साइड चढतो आणि मिड किंवा ट्विटरपर्यंत आवाज पोचत नाही. बटण फिरवताना खरखर होऊन आवाज अचानक परतला, तर दोष पॉटचाच. पाचपन्नास वेळा फिरवून तात्पुरता आवाज आणता येतो, त्यामुळे विकणाऱ्याने बटण ‘आत्ताच जरा फिरवलं’ असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा ऐका. पॉट उघडून घासून साफ होतो. फार खाल्लेला असेल तर १५-१६ ओमचा नवा वायरवाऊंड (तार गुंडाळलेला) पॉट घाला.

बटण गुळगुळीत फिरतंय आणि तरी दबकं? मग दोष ट्विटरकडे फक्त वरचे सूर सोडणाऱ्या ६ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा किंवा खुद्द ट्विटरचा. बॉक्सच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून हे कळत नाही: मीटर डीसीने (एकाच दिशेच्या विजेने) मोजतो, कपॅसिटर डीसी अडवतो आणि फक्त वूफर दिसतो. ट्विटरची एक तार सोडवून मोजा: काही ओम आले तर कॉइल शाबूत, सर्किट उघडं दाखवलं तर गेला. कपॅसिटर बदलायचा तर ३.३ आणि २.७चे फिल्म कपॅसिटर समांतर जोडून नेमके ६ होतात. १०० व्होल्ट किंवा वरचे घ्या.

या सगळ्यासाठी वूफर काढावा लागतो. आत काचेचा कापूस असतो, हातमोजे आणि मास्क लावा आणि काढला तेवढाच परत भरा. तारा सोडवण्याआधी फोटो काढा. वूफर बसवताना कडेचं सील नीट दाबा, फट राहिली की बंद बॉक्सचा खर्ज सैल पडतो.

‘फोम बदललाय’ या आश्वासनाचा इथे काही संबंध नाही. तो वूफरच्या कडेचा असतो. ट्विटर तरीही मुकाच असू शकतो.