भयपटातील स्थळ

भयपटाची कथा जिथे घडते ती वास्तू किंवा परिसर, आणि भीती निर्माण करण्यासाठी केलेली त्याची मांडणी. पडका वाडा, ओस हवेली, जंगलातला डाक बंगला ही या प्रकारातली नेहमीची ठिकाणे. पण जागा नुसती जुनी आणि अंधारी असून भागत नाही. प्रेक्षकाला तिथे किती दिसू द्यायचे आणि पात्राला बाहेर पडायला वाट ठेवायची की नाही, यावर भीती ठरते.

जर्मन मूकपटांत याच्या दोन तऱ्हा सुरुवातीलाच दिसतात. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (१९२०) मध्ये तिरक्या भिंती, वेडीवाकडी दारे, इतकेच काय सावल्याही रंगवलेल्या होत्या. ‘नोस्फेराटू’चे (१९२२) बरेचसे चित्रण मात्र विस्मार शहर, स्लोव्हाकियातील ओरावा किल्ला अशा खऱ्या ठिकाणी झाले. हिंदीत जुन्या हवेलीत घडणाऱ्या ‘महल’ (१९४९) या चित्रपटाचे छायालेखक योसेफ विर्शिंग हेही मूळचे जर्मनच.

अंधाराशिवाय भीती कशी उभी राहते, हे स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) पाहावे. कथा घडते त्या हॉटेलचा बाह्यभाग अमेरिकेतील ओरेगन राज्यातला, आतले दालन अन् दालन मात्र इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओत बांधलेले. लहानगा डॅनी तीनचाकी सायकलवरून बोळांतून फिरतो आणि कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे धावतो. चाके लाकडी फरशीवर खडखडतात, गालिच्यावर आली की आवाज एकदम दबतो, पुन्हा खडखडाट. दिवे लख्ख आहेत, तरी पुढच्या वळणापलीकडचे काही दिसत नाही. व्यवस्थापकाच्या खोलीत तर जिथे इमारतीचा आतला भाग असायला हवा तिथे खिडकी आहे. बघताना हे सहसा ध्यानात येत नाही, पण या इमारतीचा नकाशा मनात काही केल्या जुळत नाही.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) सततचा पाऊस आणि विहिरीखालचे देवीचे गर्भस्थान आहे. तिथे उतरल्यावर आतल्या राक्षसापासून सुरक्षित जागा उरते ती पिठाच्या रिंगणापुरतीच.

मराठीत स्थळाचा सर्वांत नेमका वापर विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) केला, असे म्हणता येईल. इथे गरोदर नायिका उसाच्या फडामधल्या एकाकी घरात येते. वाढलेला ऊस माणसाच्या डोक्यावर जातो, सऱ्या एकसारख्या दिसतात, दिशा कळत नाही. पाचट वाजले तर वारा आहे की कुणाची चाहूल, हे ओळखू येत नाही. उभ्या उसात शिरलेल्या कुणालाही हे ठाऊक असते, म्हणून भर दुपारचे प्रसंगही आपल्याकडच्या प्रेक्षकाला अधिक झोंबतात. फुरिया यांनी पुढे याच कथेवर ‘छोरी’ (२०२१) हा हिंदी चित्रपट केला, तेव्हा भाषा बदलली, कलाकार बदलले. उसाचा फड मात्र त्यांनी कायम ठेवला.