नाथसागरावरचा पक्षिमित्र: अभ्यासक की पर्यटक?

मराठवाड्यात पक्ष्यांच्या संदर्भात परवाना म्हटले की आधी बंदूक आठवायची. निजामाच्या संस्थानात 1931-32 साली पक्ष्यांचे सर्वेक्षण झाले, तेही त्या काळच्या रीतीने, म्हणजे पक्षी टिपून आणि त्यांची कातडी जपून. 1972 च्या वन्यजीव कायद्यातही शिकारीचे परवाने होतेच. 1991 च्या दुरुस्तीने ते गेले. राहिला तो अभयारण्यात नुसत्या प्रवेशाचा परवाना, आणि सगळा घोळ त्याच्यापाशीच आहे.

त्या कायद्याचे कलम 28 ‘कशासाठी येताय?’ एवढेच विचारते. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्याशी कायदेशीर कामकाज, यांपैकी कारण हवे. शुल्कही त्याच कलमातून येते. आता गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही घेऊन पहाटे आलेला माणूस यातला कोण? वही बघितली तर अभ्यासक, गाडी बघितली तर पर्यटक, आणि पिशवीतून लांब भिंग निघाले की छायाचित्रकार. पर्यटकाचे काम नाक्यावर पावती फाडून होते. अभ्यासाची रीतसर परवानगी मागणाऱ्याचा कागद मात्र नागपूरला, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातो. म्हणून वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारे जुने पक्षिमित्रही मुकाट पर्यटक होतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असली की हीच मंडळी सरकारी कामाला हवी असतात, पुढच्या रविवारी पुन्हा पर्यटक. 2022 च्या दुरुस्तीत छायाचित्रणाला एक अट जोडली गेली, अधिवासात बदल किंवा त्याला बाधा न आणण्याची. नुसते बघणाऱ्याला तेव्हाही वेगळे नाव मिळाले नाही. हे राहून गेले असे म्हणायला जागा आहे, पण कुणी तसा आग्रह धरल्याचेही दिसत नाही.

हा प्रश्न डोंगरात फारसा टोचत नाही. गौताळा औट्रमघाट किंवा पाटोद्याकडचे नायगाव मयूर अभयारण्य म्हणजे जमीन. तिथे रस्ता अडवता येतो, नाका बसवता येतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचे, म्हणजे नाथसागराचे, तसे नाही. धरण पुरे झाले 1976 मध्ये, आणि दहा वर्षांनी, 1986 मध्ये, सुमारे 341 चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य झाले. म्हणजे पाणी पाटबंधाऱ्याचे आणि त्या पाण्यावरचे पक्षी वनखात्याचे. मासेमारी करणाऱ्यांचे तराफे आधीपासून होतेच. कलम 27 सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्याला आणि आत स्थावर मालमत्तेचा हक्क असणाऱ्याला परवान्यातून वगळते. फुगवट्याच्या काठावर गावेच गावे. तेव्हा रस्त्यावर उभे राहून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहिले तर पावती कसली, आणि चार पावले खाली उतरले तर कसली, याचे उत्तर त्या दिवशी भेटणाऱ्या वनरक्षकावर अवलंबून. (पैठणच्या पाण्यात थव्याने तरंगणाऱ्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्याचे मराठी नाव वारकरी. त्यांना नाथांच्या गावी कोण अडवणार!)

त्यात उन्हाळ्याकडे पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. हद्द कागदावर तिथेच असते, काठ मात्र आत सरकतो. चिखलात चोच खुपसणारे पक्षी त्या काठाबरोबर जातात, त्यांच्या मागे दुर्बीणवाले, आणि वाटेत कुणाचा तरी हरभरा उभा असतो.