बहरीनच्या मच्छीमार बोटीवर नोकरी: परवानगी कशी काढायची, अडकल्यास कुठे जायचं

बहरीन म्हणजे आखातातला चिमुकला बेटांचा देश. तिथल्या मच्छीमार बोटींवर भारतीय खलाशी पुष्कळ आहेत, त्यात तमिळनाडूच्या कन्याकुमारीकडचे विशेष. माणूस अडकतो तिकडच्या समुद्रात, पण फसवणूक बहुतेक वेळा इथे, कागदावरच सुरू होते.

दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' (म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा) असतो आणि बहरीन ईसीआर देशांच्या यादीत आहे. त्यामुळे नोकरीसाठी जाण्याआधी 1983च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यांचं एक कार्यालय मुंबईत आहे. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर होतो. वय किमान 18. किमान सहा महिने वैध पासपोर्ट, नोकरीचा व्हिसा, करारपत्र आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी हवी. या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375. अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण. एजंट नोंदणीकृत आहे का, ते त्याच पोर्टलवर दिसतं. त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. पावती मागाच.

करारपत्र सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. पगार, जेवण, राहणं, परतीचं तिकीट लिहिलेलं हवं, आणि काम 'मच्छीमार' हेच हवं. व्हिसा सफाई कामगाराचा आणि काम बोटीवर, असं असेल तर थांबा. "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो" म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. असं गेल्यावर ना मंजुरीची नोंद राहते, ना हा विमा मिळतो.

पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला, किनाऱ्यावर उतरू देत नाहीत, ही वेठबिगारीची लक्षणं आहेत. मानवी तस्करीविरुद्ध बहरीनचा 2008चा कायदा आहे. तिथून 995 फिरवा. तिथल्या कामगार बाजार नियामक प्राधिकरणाचं परदेशी कामगार संरक्षण केंद्र आहे, निवाराही मिळतो. व्हिसा संपलाय म्हणून घाबरून गप्प बसू नका. राजधानी मनामातला भारतीय दूतावास समाज कल्याण निधीतून गरजूंना तिकीट, निवारा, कायदेशीर मदत देऊ शकतो.

घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकावी. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, करार यांचे फोटो, खलाशाचा सीपीआर नंबर (बहरीनचा ओळख क्रमांक), बोटीचा क्रमांक, बंदर आणि मालकाचं नाव आधीच घरी लिहून ठेवलेलं असावं. तक्रारीचा नंबर मिळतो. पुढचा पाठपुरावा त्यावरच करायचा.