न सुटणारा उपास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत संकष्टीला किंवा एकादशीला कुणी जेवलं नाही, तर 'का गं?' असं विचारायची पद्धत नाही. खाण्याचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) नेमका याच आडोशाला वाढतो. बघायचं ते उपास सुटताना. एरवी चंद्र दिसला, नैवेद्य झाला की माणूस पोटभर जेवतो. आजारात संकष्टीला सोमवार चिकटतो, सोमवाराला गुरुवार. ताटात जोंधळ्याच्या भाकरीचा चतकोर चुरत अर्धा तास जातो आणि भात तसाच राहतो.

वजनावरून मात्र अंदाज बांधू नका. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्यात, माणूस वाळत जातो. बुलिमियात, म्हणजे भराभर भरपूर खाऊन मग ओकून काढण्यात, वजन बहुधा नेहमीएवढंच राहतं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. खुणा दुसरीकडे असतात: जेवल्या जेवल्या न्हाणीघर गाठणं, दात लागून बोटांच्या सांध्यांवर पडलेले घट्टे, कानाखाली जबड्याशी न दुखणारी सूज, पुढच्या दातांची आतून झालेली झीज. म्हणून कधी कधी हे पहिल्यांदा लक्षात येतं ते दातांच्या डॉक्टरांच्या. (ओकारीनंतर लगेच ब्रश करू नये; आम्लाने मऊ झालेलं दंतवल्क, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, घासलं जातं. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी.) खरा धोका रक्तातल्या पोटॅशियमचा. ते घसरलं की हृदयाचे ठोके चुकतात, आणि हे दिसायला धडधाकट माणसातही होतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. वजनगटात बसायला तालमीतला पोरगा पाणी तोडतो, तेव्हा त्याचंही ताट बघा.

'हट्ट सोड आणि जेव' म्हणून काही होत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. त्यांना जाड होण्याची भीती अजिबात नव्हती. तरी ते दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, घास बारीक करून ताटावर रेंगाळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. आपण ज्याला मुलीचा हट्ट म्हणतो, त्यातला बराचसा भाग असा उपासमारीचा असतो.

डॉक्टर पाच गोष्टी विचारतात: पोट फार भरलं म्हणून मुद्दाम ओकता का? किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? तीन महिन्यांत 6 किलोंहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का? सगळं आयुष्य खाण्याभोवती फिरतं का? दोन 'हो' आले तर तपासणी हवीच. आधी फिजिशियन: नाडी, आडवं आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, साखर. विश्रांतीतली नाडी 50 च्या खाली असेल, चक्कर येऊन पडणं किंवा धडधड असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पाळी थांबली म्हणून नुसत्या गोळ्या घेऊन येऊ नका. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण उपासमार तशीच चालू राहते आणि घर निर्धास्त होतं.

मग मानसोपचार. बेळगावात जिल्हा रुग्णालय, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास. बोलणं मराठीतून हवं, हे सुरुवातीलाच सांगा. मनातली लाज परक्या भाषेत नीट मांडता येत नाही, आणि या आजाराचा मानसोपचार बोलण्यावरच चालतो. प्रौढांना साधारण 20 आठवडे वर्तनोपचार लागतो, वजन फार उतरलेलं असेल तर त्याच्या दुप्पट. किशोरवयात काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हातात घ्यायची: तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा खाणं, शेजारी बसून, वाद न घालता; जेवल्यावरही तासभर सोबत.

एक चूक जीवावर बेतते. बरेच दिवस जवळपास उपाशी असलेल्याला मायेने एकदम शिरा-पुरी वाढली, तर इन्सुलिन उसळून रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदय, श्वास ढासळू शकतो. अशा वेळी पहिल्या दिवसांतलं खाणं किती आणि कसं वाढवायचं, ते डॉक्टरांनी रक्त तपासत ठरवायचं असतं.