खुर्ची आधी रुग्णाला मिळाली

दातांच्या डॉक्टरांच्या पाठदुखीचं मूळ तोंडाच्या रचनेतच आहे. कामाची जागा काही मिलिमीटरची, तीही गाल आणि जिभेच्या आड. तिथवर नजर पोचावी म्हणून आधी मान वाकते, मग खांदे, मग कंबर.

एके काळी रुग्णाला जमिनीवर बसवून दात उपटत. फ्रेंच दंतवैद्य पिअर फोशार याने १७२८ मधल्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला नावं ठेवली आणि हातांची खुर्ची वापरा म्हणून सांगितलं. पुढे खुर्चीला डोकं टेकायची सोय आली, ती मागे कलू लागली, वर-खाली होऊ लागली. सोय झाली ती रुग्णाची; डॉक्टर उभाच. १८७१ मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसनने पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. एका पायावर सगळा भार, दुसऱ्याने पॅडल मारायचं, आणि हात मात्र तसूभरही हलता कामा नये! शिवणयंत्र निदान बसून तरी चालवतात.

विजेवरचं ड्रिल आलं तरी उभं राहणं सुटलं नाही. ते सुटलं एअरोटरमुळे. १९५७ च्या सुमारास आलेलं हे हवेवर चालणारं यंत्र मिनिटाला लाखांच्या घरात फेरे घेई. एवढ्या वेगाने दात तापतो, म्हणून पाण्याचा फवारा. पाणी तोंडात साचतं, म्हणून ते ओढून घेणारी सक्शनची नळी. सक्शन धरायला असिस्टंट. त्याच सुमारास पूर्ण आडवी होणारी खुर्चीही आली. रुग्ण झोपला आणि डॉक्टर स्टुलावर बसला. साठच्या दशकात ‘चार हातांची’ ही पद्धत रुळली.

पाठ सुटली असं वाटलं होतं. पण त्याच दशकात स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजत होते. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला, आणि पुढे वाकून बसल्यावर आणखी जास्त. शिवाय उभा माणूस निदान पाय तरी बदलतो. बसलेला त्याच अंगाने वळून तासन्‌तास तसाच राहतो. पायांचा त्रास कमी झाला; मान आणि खांदे बोलू लागले.

मग रुग्णाचं तोंड घड्याळाच्या मधोमध आणि बाराचा आकडा त्याच्या डोक्यामागे धरून डॉक्टरच्या बसायच्या जागा ठरल्या: उजव्या हाताने काम करणाऱ्याने साधारण नऊ ते बाराच्या आकड्यांदरम्यान. वरच्या दाढा आरशात पाहून करायच्या, हे तर विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवतात. पण आरशात हात उलटा चालतो, घाई असली की माणूस सरळ डोकावतो. आता डोळ्यांवर लूप्स, म्हणजे भिंगं बसवलेला चष्मा, आहेत. त्यांचा खाली बघण्याचा कोन कमी पडला, तर भिंगातून पाहतानाही मान पुन्हा छातीकडे झुकते.