लंगोटाचं कापड आणि अबकारीचा कायदा

कापडी लंगोट परत आले आहेत, फक्त आता त्यांना बटणं लागली आहेत आणि किंमत चढली आहे. आत घालायच्या जाड घड्या कधी सुती असतात, कधी बांबूच्या, कधी हेम्पच्या. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, नशेचं द्रव्य नगण्य असलेल्या वाणाचं. त्यामुळे बेळगाव-खानापूरकडे हा विषय निघाला की पाठोपाठ प्रश्न येतो, मग हे पीक आपल्याला का घेऊ देत नाहीत? आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे तर आपलं जुनंच कापड.’

ते तसं नाही. या भागात बाळाला लागायचं ते सूत. १८८७ पासून गोकाकच्या गिरणीत सूत निघत होतं, शहापूर-वडगावात माग होते, आणि लुगडं वापरून वापरून मऊ पडलं की त्याची दुपटी आणि लंगोट व्हायचे. खानापूरच्या पावसात ते वाळवायचे म्हणजे शेगडीवर डालगं पालथं घालायचं, वर लंगोट पसरायचे आणि निखाऱ्यावर चिमूटभर ओवा-वेखंड टाकायचं. विरलेलं सूत त्या उबेवर लवकर वाळतं. हेम्पच्या घडीचं तसं नाही. तिचं कापड बहुधा ५५ टक्के हेम्प आणि ४५ टक्के सूत असं मिश्र असतं. ते पाणी भरपूर धरतं, पण सावकाश शोषतं. नवी घडी चार-सहा वेळा धुतल्याशिवाय नीट शोषतच नाही, आणि दोरीवर वाळली की कडक होते. रात्रीसाठी ती उत्तम, पण आषाढात घरात पुरेशा घड्या नसतील तर पंचाईतच.

दोरासाठी वाख लागायचा, तो अंबाडीचा नाहीतर तागाचा. काड्यांच्या जुड्या बांधून ओढ्याच्या डोहात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे. साल कुजून सुटायला आली की बडवून, धुऊन, वाळवून वाख काढायचा. वास असा की पाणवठ्याकडे कुणी फिरकत नसे. मग त्यातून कासरे, दावी, शिंकी, मोटेचा नाडा. अंबाडीचा पाला, म्हणजे इथली पुंडीची भाजी, भाकरीबरोबर आजही ताटात असते. इंग्रज व्यापाऱ्यांनी या दोन्ही झाडांना ‘बॉम्बे हेम्प’, ‘डेक्कन हेम्प’ अशी नावं दिली, म्हणून जुनी कागदपत्रं चाळणाऱ्याला वाटतं की इथे भांगेचं कापड विणलं जायचं. भांगेच्या धाग्याचं कापड गढवाल-कुमाऊंच्या डोंगरात व्हायचं. दख्खनेत भांग म्हणजे गांजा, आणि गांजा म्हणजे सरकारचा महसूल.

म्हणून इथला तिचा इतिहास मागावर नाही, अबकारीच्या दप्तरात सापडतो. बेळगाव आधी मुंबई इलाख्यात आणि मग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा इथेही लागू होता. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उठला म्हणून भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याने जाडजूड अहवालात निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, बंदी नको, कर आणि परवाने पुरेत. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि त्याने भांगेलाही कवेत घेतलं. पुढे जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. मुंबई काय आणि म्हैसूर काय, भांगेकडे पाहायची सरकारी नजर अबकारीचीच राहिली. निदान या एका बाबतीत सीमावाद नाही!

१९६१ च्या अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला. गांजाचा वैद्यकीय नसलेला वापर २५ वर्षांत बंद करायचा असं त्यात ठरलं होतं. पण त्याच कराराच्या २८ व्या कलमात धागा आणि बियांसाठीची लागवड सोडून दिली होती. १९८५ साली दिल्लीने एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा केला, त्यातही कलम १४ ठेवलं: धागा, बी किंवा बागकामासाठी सरकार आदेश काढून लागवडीला परवानगी देऊ शकतं. म्हणजे दार कायद्यातच आहे, फक्त ते सरकारी आदेशाने उघडतं. उत्तराखंडने २०१८ मध्ये ते उघडलं, टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशेचं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायच्या अटीवर. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यासाठी बेंगळूरूकडे पाहावं लागतं. परवानगीशिवाय लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

परवानगी मिळाली तरी खरी अडचण पुढेच आहे, असं माझं मत. वाख काढणारं, त्याचा सुतासारखा मऊ धागा करणारं यंत्र जवळ नसेल तर काड्यांचे भारे वाहून नेण्यातच नफा संपतो. शिवाय वाण हवामानाप्रमाणे बदलतं. तपासणीत टीएचसी मर्यादेबाहेर गेलं तर उभं पीक नष्ट करावं लागतं, आणि तो धोका सर्वस्वी शेतकऱ्याचा. भाव कुणाच्या हातात असतो हे निपाणीला सांगायला नको. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. तंबाखू तर कायदेशीरच होता.